मुंबईच्या भुयारी मेट्रोत पहिल्यांदा उतरताना : खानदेशातून येणाऱ्यांसाठी

आपल्याकडे पत्ता सांगताना डावं-उजवं कमी, उगवत-मावळत जास्त. ‘मारुतीच्या देवळापासून उगवतीला वळा, विहीर लागली की मावळतीच्या अंगाचं तिसरं घर.’ गेल्या हिवाळ्यात आप्पांना घेऊन मुंबईच्या भुयारी मेट्रोत पहिल्यांदा उतरलो. सरकत्या जिन्याच्या तोंडाशी थांबून आप्पांनी खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, “इतलं खाले उतरनं पडी का?” खाली पोचल्यावर चारी बाजूंना नजर फिरवून दुसरा प्रश्न आला, “आठे उगवत कथी शे रे?” म्हणजे इथे पूर्व कुठे?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. दुसऱ्याला मी गप्प बसलो, कारण मलाही माहीत नव्हतं. जमिनीखाली ना सूर्य, ना देऊळ, ना पिंपळ. असतात ते फक्त बाण आणि पाट्या. हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे. गाडीत बसणं कुणालाही जमतं, भुसावळ-चाळीसगावच्या माणसाला तर रेल्वे शिकवायला जाऊच नये. अडतं ते बाहेर पडताना.

आधी ही मेट्रो कोणती ते

मुंबईत मेट्रोच्या मार्गिका बऱ्याच आहेत, पण त्यातल्या बहुतेक खांबांवरून धावतात. सलग भुयारातून जाणारी म्हणजे मेट्रो ३, जिला ॲक्वा लाइन म्हणतात. दक्षिणेला कफ परेड आणि उत्तरेला आरे जेव्हीएलआर (म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता) ही तिची दोन टोकं. लांबी साडेतेहतीस किलोमीटर, स्थानकं २७. त्यातली २६ जमिनीखाली, एकटं आरे तेवढं वर. ती एकदम सुरू झाली नाही. आरे ते बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) हा पहिला तुकडा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला, मग मे २०२५ मध्ये गाडी वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत आली आणि ९ ऑक्टोबर २०२५ पासून लोक कफ परेडपर्यंत जाऊ लागले. म्हणून सुरुवातीच्या दिवसांत जाऊन आलेल्या पाहुण्यानं ‘मेट्रो बीकेसीपर्यंतच आहे’ असं सांगितलं, तर तो खोटं बोलत नाही. त्याची माहिती जुनी आहे इतकंच.

ज्या खडकातून हे भुयार पोखरलं तो बहुतांशी आपल्या ओळखीचाच काळा पाषाण आहे. तोच झिजून आपली कापसाची काळी माती झाली. हे सांगितल्यावर आप्पांची भीती अर्ध्यानं कमी झाली. “मंग पक्कं शे,” म्हणाले.

पायरी पहिली : घरूनच वरचा पत्ता ठरवा

‘दादरला जायचंय’ किंवा ‘चर्चगेटला जायचंय’ एवढ्यावर निघू नका. वर आल्यावर नेमकी कुठली इमारत, कुठला रस्ता, जवळची खूण काय, हे कागदावर लिहून घ्या. फोनमध्ये नको, कागदावर. जमिनीखाली फोनला रेंज मिळेलच असं धरून चालू नका. आम्ही नकाशाच्या भरवशावर उतरलो आणि फलाटावर फोन वर धरून गोल फिरत बसलो. कागदावर दोन ओळी असत्या तर पाटी वाचून सरळ चालायला लागलो असतो.

पायरी दुसरी : तुमची गाडी तुम्हाला कुठे सोडते ते पाहा

जळगाव, पाचोरा, चाळीसगावकडून मध्य रेल्वेनं आलात तर दोन जागा कामाच्या, दादर आणि सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस). इथे माझा सल्ला बऱ्याच मुंबईकरांपेक्षा वेगळा आहे. ते म्हणतात दादरला उतरा. पण दादरचं मेट्रो स्थानक रेल्वे स्टेशनला चिकटून नाही. पूल चढून पश्चिमेला यायचं, फुलबाजाराची गर्दी कापायची आणि गोखले रोडपर्यंत चालायचं. रिकाम्या हातानं दहा-पंधरा मिनिटं. डोक्यावर गोणी, सोबत म्हातारं माणूस आणि वेळ सकाळची असेल तर अर्धा तास धरा. तुमची गाडी सीएसएमटीपर्यंत जात असेल आणि सामान जड असेल तर बसून राहा. तिथे मेट्रोचं स्थानक आझाद मैदानाच्या अंगाला आहे, रेल्वेतून बाहेर आल्यावर मेट्रोच्या पाट्या धरून गेलं की झालं.

नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडची मंडळी सुरतमार्गे पश्चिम रेल्वेनं येतात. मुंबई सेंट्रलला उतरणाऱ्यांचं नशीब चांगलं, मेट्रो तिथेच आहे. फक्त तिचं नाव वेगळं आहे, ते खाली सांगतो. वांद्रे टर्मिनसला उतरलात तर रिक्षा करून बीकेसी स्थानक गाठा. कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसलाही ही मेट्रो नाही, तिथूनही बीकेसीच. रिक्षा मात्र इथवरच. माहीम आणि सायनच्या पलीकडे शहरात रिक्षा चालत नाही, टॅक्सी घ्यावी लागते. नवख्याला हे कुणी सांगत नाही आणि तो दादरला रिक्षा शोधत उभा राहतो.

अंधेरी, मरोळ, सीप्झकडे कामाला जाणाऱ्या पोरांसाठी एक आडवाट आहे. कल्याण किंवा ठाण्याला उतरून लोकलनं घाटकोपर, तिथून खांबांवरची मेट्रो १ पकडून मरोळ नाका आणि तिथे खाली उतरून मेट्रो ३. कल्याण-ठाण्याहून दादरला जाऊन परत उलटं येण्यापेक्षा हे बरं.

आपल्या बऱ्याच रातगाड्या मुंबईत पहाटे पोचतात. मेट्रो सकाळी सहाच्या आसपास सुरू होते आणि रात्री साडेदहाच्या सुमारास शेवटची गाडी सुटते. रविवारी सुरुवात उशिरा असू शकते, म्हणून आदल्या दिवशी वेळ पाहून घ्या. चार वाजता उतरलात तर वेटिंग रूममध्ये बसा, तोंड धुवा, चहा घ्या.

पायरी तिसरी : तिकीट

लोकलचं तिकीट किंवा पास मेट्रोत चालत नाही. एक्स्प्रेसचं तिकीट तर नाहीच. हे वेगळं काढावं लागतं. भाडं अंतराप्रमाणे १० रुपयांपासून ७० रुपयांपर्यंत, आणि ७० रुपये म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत.

खिडकीवर रोख पैसे देऊन कागदी तिकीट मिळतं. त्यावर क्यूआर कोड छापलेला असतो, ती काळी-पांढरी जाळी. गेटवरच्या काचेवर ती बाजू पालथी धरायची, फाटक उघडतं. घाई करू नका, एका तिकिटावर एकच माणूस. आपल्याकडची सवय अशी की तिकीट टीसीला दाखवलं की घडी करून टोपीत किंवा चोळीत जातं. इथे तसं करू नका. बाहेर पडताना तेच तिकीट पुन्हा दाखवायचं असतं, आणि चुरगळलेली जाळी यंत्राला वाचता येत नाही. पाकिटात सपाट ठेवा. ॲपवरही तिकीट निघतं, पण तो उद्योग वर रस्त्यावर असतानाच उरका. महिन्यातून चार खेपा होणार असतील तर एनसीएमसी कार्ड, म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचं प्रवासाचं कार्ड घ्या, टेकवलं की झालं.

खिडकीवर स्थानकाचं नाव पूर्ण सांगा. परतीच्या दिवशी मरोळ नाक्यावर आप्पा माझ्या आधी रांगेत घुसले आणि दमात म्हणाले, “शिवाजी महाराजचे दोन द्या.” आतल्या मुलीनं शांतपणे विचारलं, “टर्मिनस की विमानतळ, काका?” आप्पा माझ्याकडे बघायला लागले. प्रश्न बरोबरच होता. या एका मार्गिकेवर छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाची तीन स्थानकं आहेत. एक सीएसएमटी, म्हणजे रेल्वे टर्मिनस. दुसरं आणि तिसरं विमानतळाची, टी१ आणि टी२. विमानतळाची दोन्ही उत्तरेला मरोळच्या अलीकडे, टर्मिनस पार दक्षिणेला. चूक झाली तर गाडी चुकलीच समजा.

पायरी चौथी : तपासणी

विमानतळासारखी पिशवी यंत्रातून जाते आणि माणूस चौकटीतून. आमच्या पिशवीत ताईसाठी भरताची पाच किलो वांगी होती. पडद्यावर ती पिशवी कशी दिसली असेल कोण जाणे, पण पट्टा थांबला. रक्षकानं पिशवी उघडायला लावली, वरचं एक हिरवं, लांबडं वांगं हातात घेतलं, वजन केल्यासारखं केलं आणि विचारलं, “हे कसलं वांगं?” आप्पांनी लगेच बामणोद गावाचं नाव काढलं, मग ते तुरीच्या किंवा कपाशीच्या काड्यांवर कसं भाजायचं हे सुरू झालं. मागे रांग वाढत होती.

वांगी सुटली, अडकला तो आप्पांचा अडकित्ता. पितळी, आजोबांच्या वेळचा. रक्षकानं तो उघडझाप करून पाहिला, वरिष्ठाला बोलावलं, दोघांनी पुन्हा उघडझाप केली आणि शेवटी परत दिला. पण दर वेळी परत मिळेल अशी खात्री धरू नका. अडकित्ता, विळा, सुरी, काडेपेटी असलं काही हाताच्या पिशवीत नको. मोठ्या गोण्या, ट्रंका घेऊन मेट्रोत उतरूच नका. तंबाखू मळणं, थुंकणं, डबा उघडून जेवणं यातलं काहीही इथे चालत नाही. कळण्याची भाकरी आणि ठेचा वर गेल्यावर खा.

पायरी पाचवी : फलाट

स्थानकात साधारण दोन मजले कळले की पुरे. रस्त्यावरून खाली उतरलं की आधी तिकिटाचा मजला आणि त्याच्या खाली फलाट. स्वच्छतागृह तिकिटाच्या मजल्यावर मिळतं, म्हाताऱ्या माणसाला तिथेच विचारून घ्या. सरकत्या जिन्याची धास्ती असेल तर लिफ्ट आहे, लाजू नका. धोतर किंवा लुगडं असेल तर मी लिफ्टच म्हणेन.

फलाटावर पाटी एकच वाचायची, गाडी कुठल्या टोकाकडे जाते ती. ‘कफ परेडकडे’ म्हणजे दक्षिण, ‘आरे जेव्हीएलआरकडे’ म्हणजे उत्तर. तुमचं स्थानक कुठल्या टोकाच्या वाटेवर आहे हे निघण्याआधी ठरवा. चुकून उलट्या गाडीत बसलात तर घाबरू नका, पुढच्या स्थानकावर उतरून गेटबाहेर न पडता पलीकडची गाडी धरा.

रूळ दिसत नाहीत, कारण फलाटाच्या कडेला छतापर्यंत काचेची भिंत आहे. गाडी आली की काचेचं दार आणि गाडीचं दार बरोबर एकासमोर एक येऊन उघडतात. आपल्या पीजेत, म्हणजे पाचोरा-जामनेर गाडीत, दाराच्या दांडीला धरून चालत्या गाडीत चढलेली पिढी अजून हयात आहे. तिला हे दोन दारांचं प्रकरण पटायला वेळ लागतो. दार बंद व्हायला लागलं की मध्ये हात, पिशवी, पाय काही घालू नका. पुढची गाडी थोड्या वेळात येतेच.

चौघं-पाचजण असाल तर चढण्याआधी एक नियम सगळ्यांना पाठ करून द्या : जो गाडीत चढला त्यानं पुढच्या स्थानकावर उतरून तिथेच थांबायचं, जो फलाटावर राहिला त्यानं पुढच्या गाडीनं त्याच स्थानकावर यायचं. आमच्या भाच्यानं उलटं केलं. तो पुढे गेला, परत आला, तोवर आम्ही पुढे गेलो होतो. अर्धा तास हा पाठशिवणीचा खेळ चालला.

स्थानकांची नावं, आणि त्यातली फसवी

दक्षिणेकडून उत्तरेकडे क्रम असा : कफ परेड, विधान भवन, चर्चगेट, हुतात्मा चौक, सीएसएमटी, काळबादेवी, गिरगाव, ग्रँट रोड, जगन्नाथ शंकरशेठ, महालक्ष्मी, सायन्स सेंटर, आचार्य अत्रे चौक, वरळी, सिद्धिविनायक, दादर, शीतलादेवी, धारावी, बीकेसी, वांद्रे कॉलनी, सांताक्रूझ, विमानतळ टी१, सहार रोड, विमानतळ टी२, मरोळ नाका, एमआयडीसी अंधेरी, सीप्झ, आरे जेव्हीएलआर. काही नावांना जाहिरातदार कंपनीचं नाव जोडलेलं दिसेल, तिकडे लक्ष देऊ नका.

मंत्रालयात फाईल घेऊन येणाऱ्यांसाठी विधान भवन. उच्च न्यायालयाच्या तारखेला हुतात्मा चौक. नंदुरबारच्या माणसाला हुतात्मा म्हटलं की बेचाळीसचा शिरीषकुमार आठवतो. इथले हुतात्मे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातले.

काळबादेवी हे आपल्या व्यापाऱ्यांचं स्थानक. जळगावच्या सराफांना झवेरी बाजार नवा नाही, कापडवाल्यांना मुळजी जेठा मार्केट नवं नाही. जळगावच्या एम. जे. कॉलेजमधलं ‘एम. जे.’ म्हणजे मुळजी जेठाच. आयुष्यभर कॉलेजचं नाव घेतलेल्या माझ्या एका मित्राला हे काळबादेवीत पाटी वाचून कळलं. पूर्वी ही मंडळी मशीद बंदर किंवा मरीन लाइन्सहून चालत यायची, आता बाजाराच्या बऱ्याच जवळ बाहेर पडता येतं. तिथल्या गल्ल्या मात्र होत्या तशाच आहेत, हातगाडीवाल्याला आधी वाट द्या.

जगन्नाथ शंकरशेठ म्हणजे मुंबई सेंट्रल. नवखा माणूस नकाशात ‘मुंबई सेंट्रल’ शोधत बसतो. नाना शंकरशेठ हे मुंबईत रेल्वे यावी म्हणून झटलेल्यांपैकी एक. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली गाडी धावली, त्यामागे त्यांचा मोठा हात. एसटीनं धुळ्या-जळगावहून येणाऱ्यांनाही हेच स्थानक, मुंबई सेंट्रलचं एसटी आगार जवळच आहे. नायर रुग्णालयालाही इथूनच.

महालक्ष्मी मात्र फसवं. हे स्थानक रेसकोर्स आणि महालक्ष्मी रेल्वे स्टेशनच्या बाजूचं. देवीचं देऊळ समुद्राकडे, भुलाभाई देसाई रोडवर आहे. ओटी घेऊन खाली उतरलेल्या बायका वर येऊन देऊळ शोधत राहतात. इथून टॅक्सी करा. सिद्धिविनायकाचं तसं नाही, तिथे स्थानक खरंच देवळाजवळ आहे. मंगळवारी गर्दीही तशीच.

बीकेसी म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल. पोराच्या अमेरिकेच्या व्हिसासाठी तिथल्या वाणिज्य दूतावासात जाणारे पालक आता आपल्याकडेही गावोगाव आहेत, त्यांनी इथे उतरावं. धारावी ते बीकेसी गाडी मिठी नदीच्या खालून जाते. कळत काहीच नाही, पण सोबतच्या पोराला सांगा, तो छताकडे बघत बसतो. विमानतळाला जाताना टी१ की टी२ हे विमानाच्या तिकिटावर वाचा. परदेशाची विमानं टी२ वरून सुटतात, पण देशातलीही बरीच तिथूनच सुटतात, त्यामुळे ‘देशातलं म्हणजे टी१’ असा हिशेब करू नका.

आणि ज्या दोन जागांसाठी खानदेशातून सगळ्यात जास्त माणसं काळजी घेऊन येतात, ती परळची टाटा आणि केईएम रुग्णालयं या मार्गिकेवर नाहीत. त्यासाठी दादरला उतरून सरळ टॅक्सी किंवा बस करा. पेशंटला घेऊन मेट्रोचे जिने चढ-उतर करू नका.

पायरी शेवटची, आणि खरी अवघड : बाहेर पडणं

एकाच स्थानकाला तीन-चार, कधी त्याहून जास्त दारं असतात. पाट्यांवर त्यांना ए१, बी२ अशी नावं आहेत आणि प्रत्येकाखाली वर काय आहे ते लिहिलेलं असतं. दोन दारांमध्ये वर रुंद रस्ता आणि सिग्नल असू शकतो. मंत्रालयाच्या दिवशी आम्ही गर्दी ज्या जिन्यानं गेली त्याच जिन्यानं गेलो. वर आलो तर समोर अनोळखी चौक. रस्ता ओलांडायला सिग्नल, पुढे दुसरा सिग्नल, उन्हात आप्पांची चिडचिड. खाली एक मिनिट पाटी वाचली असती तर हे सगळं टळलं असतं.

म्हणून गाडीतून उतरल्यावर लगेच चालू लागू नका. गर्दीला जाऊ द्या. भिंतीवरचा नकाशा पाहा, त्यावर स्थानकाच्या वरचे रस्ते आणि इमारती दाखवलेल्या असतात. कागदावर लिहिलेली खूण त्यात शोधा, दाराचं अक्षर लक्षात ठेवा, मगच तिकीट काढून गेटकडे चला. सापडत नसेल तर गेटच्या आत असतानाच कर्मचाऱ्याला विचारा, आणि स्थानकाचं नाव नको, इमारतीचं नाव सांगा : “मंत्रालयाला कुठल्या दारानं?” मराठीत विचारा, उत्तर मराठीतच मिळतं.

वर आल्यावर त्या दाराचा क्रमांक आणि शेजारचं एखादं दुकान ध्यानात ठेवा, परत जाताना तेच दार लागेल. परतीच्या गाडीसाठी सीएसएमटी गाठताना तपासणी, जिने आणि रेल्वेच्या फलाटापर्यंतचं चालणं मिळून पाऊण तास हाताशी ठेवा. मेट्रोची शेवटची गाडी रात्री साडेदहाच्या आसपास असते, आणि खानदेशाकडच्या काही गाड्या त्यानंतर सुटतात. तेव्हा उशिराची गाडी असली तरी जेवण ताईकडे लवकर उरका आणि दहाच्या आत भुयारात उतरा.

आप्पा त्या रात्री सीएसएमटीला वर आले, आझाद मैदानाच्या अंगाला उभे राहिले आणि टर्मिनसच्या उजळलेल्या घुमटाकडे पाहून म्हणाले, “हाई उगवत.” बरोबर होतं. मग त्यांनी अडकित्ता काढला.